कूलर बंद, मोटर बंद: खान्देशातल्या छोट्या हॉलमध्ये लाइव्ह अल्बम कसा रेकॉर्ड करायचा

आमचा पहिला प्रयत्न मे महिन्यातला. जळगावात पाऊणशे माणसं मावतील असा हॉल, चार कोपऱ्यांत चार कूलर. बँड त्या रात्री झकास वाजला. दुसऱ्या दिवशी ट्रॅक उघडून बसलो, तर प्रेक्षकांकडे तोंड करून लावलेल्या दोन्ही माइकवर दोन तास कूलरच वाजत होते. टाळ्या त्यांच्या मागे कुठेतरी, शेजारच्या गल्लीत पत्र्यावर पाऊस पडावा तशा. ते माइक बंद केले की अल्बम बंद खोलीतल्या प्रॅक्टिससारखा वाटायचा, चालू केले की कूलर. तो अल्बम कधीच निघाला नाही.

मोठ्या मैदानावर माइक वाद्याच्या जवळ असतो आणि भिंत लांब असते. छोट्या जागेत उलटं होतं. गाणाऱ्याच्या माइकमध्ये सिंबल (ड्रमची झांज) शिरतं, स्नेअरच्या (ड्रममधल्या कडक वाजणाऱ्या छोट्या ढोलाच्या) माइकमध्ये गिटार, आणि सगळ्यांत मिळून भिंत, छत आणि माणसं. हे नंतर वेगळं काढता येत नाही, काढायला गेलं की आवाज मरतो. त्यामुळे ‘मिक्सिंगमध्ये बघू’ म्हणून जे ढकलतो, त्यातलं बरंचसं तारीख आणि जागा ठरवतानाच उरकावं लागतं. या लेखात सुरुवातीच्या तयारीला जास्त जागा दिली आहे आणि सॉफ्टवेअरला कमी, ते त्यामुळेच.

तारीख: पौष बघा

आपल्याकडे मार्चच्या मध्यापासून पंख्याशिवाय हॉलमध्ये बसवत नाही, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. पावसाळ्यात पत्र्याची छतं बोलतात. राहिली थंडी. पण थंडीत लग्नसराई असते, म्हणजे ऐन शांत गाण्यात बाहेरून डीजेची वरात जाणार. यावर उपाय पंचांगात आहे. पौषात लग्नं फारशी धरत नाहीत. डिसेंबरचा शेवट ते जानेवारी या काळात हॉल रिकामे असतात, साउंडवाल्यांचं सामान गोडाऊनमध्ये पडलेलं असतं, भाडं बोलून कमी होतं, आणि मुख्य म्हणजे साउंडवाल्याकडे तुमच्यासाठी अख्खी दुपार असते. लग्नाच्या दिवसांत तोच माणूस तुम्हाला वीस मिनिटांत साउंडचेक उरकायला लावेल, आणि त्याचंही चूक नाही.

थंडीचा एक तोटा आहे. जानेवारीत रात्री पारा दहाच्याही खाली जातो. गार हॉलमध्ये सहा वाजता ट्यून केलेली गिटार, साठ माणसं आत येऊन बसली आणि दिवे तापले की खाली उतरते, कारण गरम झालेली तार सैल पडते. वाद्यं दुपारपासून स्टेजवरच उघडी ठेवा आणि माणसं आत आल्यावर पुन्हा ट्यून करा. पहिल्या तीन गाण्यांत प्रत्येक गाण्यानंतर ट्यूनर बघायचा, हे आधीच ठरवून ठेवा.

एका रात्रीवर अल्बम लावू नका. तीन रात्री धरा. आम्ही भुसावळ, जळगाव आणि धुळे घेतलं, तिन्ही गावं जुन्या सहा नंबर हायवेवर आहेत, एका टेम्पोत सामान फिरतं. गाणी तीच, क्रम जवळपास तोच. पहिल्या रात्री हात आखडतात, तिसऱ्या रात्री गळा बसतो. बहुतेक गाणी मधल्या रात्रीची निघतात.

रेकॉर्ड झालेलं त्याच रात्री ऐकायचं, हा धडा फिलमोर ईस्टचा. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या त्या थिएटरात ऑलमन ब्रदर्स बँडचा लाइव्ह अल्बम रेकॉर्ड झाला, तेव्हा निर्माता टॉम डाउड आणि बँड शो संपल्यावर स्टुडिओत जाऊन त्या रात्रीच्या टेप ऐकत. कुठलं गाणं पदरात पडलं आणि कुठलं उद्या पुन्हा वाजवायचं, हे तिथे ठरे. आपल्याकडे स्टुडिओऐवजी टेम्पोतला लॅपटॉप आणि हेडफोन. पण शेवभाजी खाऊन झोपायच्या आधी किमान पाच गाणी ऐकाच. दुसऱ्या गाण्यात बेसचा ट्रॅक रिकामा आहे, हे तिसऱ्या गावाहून परतल्यावर कळून उपयोग नाही.

जागा: टाळी वाजवून बघा

खान्देशात रॉक क्लब नाहीत, हे रडगाणं मीही पुष्कळ गायलं. पण क्लब म्हणजे शेवटी साठ-ऐंशी माणसं, कमी उंचीचा स्टेज आणि एक दार. न्यूयॉर्कचं व्हिलेज व्हॅनगार्ड हे जॅझचं तीर्थ म्हणजे एक तळघर आहे. जून १९६१ मध्ये बिल इव्हान्सच्या त्रिकुटाने तिथे जे रेकॉर्ड केलं, त्यात लोकांची कुजबुज आणि ग्लासांची किणकिण आजही ऐकू येते. द हू या बँडचा गाजलेला लाइव्ह अल्बम १४ फेब्रुवारी १९७० रोजी लीड्स विद्यापीठात मुलांच्या जेवणाच्या हॉलमध्ये झाला. म्हणजे मेसमध्ये. त्यामुळे कॉलेजचा छोटा हॉल, हॉटेलची वाढदिवसाची खोली, एखादं कॅफे, बंद पडलेल्या जिनिंगचं गोडाऊन, यातलं काहीही चालेल. अट एकच: तिथे टाळी वाजवून बघायची.

हॉलच्या मधोमध उभं राहून एक कडक टाळी वाजवा. ‘टर्रर्र’ असा आवाज आला तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंतींमध्ये तो उसळतोय. स्नेअरच्या प्रत्येक ठोक्याला हेच होणार. मग दोन्ही हातांनी टेबलावर जोरात थाप मारा. कोपऱ्यात ‘घूं’ घुमलं तर बेस गिटार तिथे चिखल करेल. टाइल्सची फरशी, काचेची खिडकी आणि पत्र्याचं छत तिन्ही एकत्र असतील तर जागा बदला. एखादंच असेल तर निभतं.

त्यावर औषध आपल्याकडे कापसाचं. शहरातले लोक फोमचे महागडे तुकडे चिकटवतात. आपण बिछायतवाल्याकडून वीस गाद्या आणि चार सतरंज्या एका रात्रीसाठी आणायच्या, पौषात त्याही पडून असतात. ड्रमखाली सतरंजी. ड्रमरच्या पाठीमागच्या भिंतीवर दोरी बांधून जाड गोधड्या टांगायच्या, भिंतीपासून वीतभर पुढे, म्हणजे त्या जास्त आवाज शोषतात. कोपऱ्यांत गाद्यांच्या गुंडाळ्या उभ्या रचायच्या. कापूस वरचे, टोचणारे आवाज चांगले पितो, खालचा घुमारा मात्र पातळ गोधडीला जुमानत नाही, त्याला जाडीच लागते. आणि सगळा हॉल झाकू नका. प्रेक्षकांच्या मागची भिंत उघडी ठेवा, नाहीतर टाळ्या मेलेल्या वाटतात. रिकाम्या हॉलपेक्षा भरलेला हॉल आपोआप कोरडा होतो, स्वेटर घातलेली साठ माणसं म्हणजे साठ गाद्याच.

जागा बघायला जाल तेव्हा कार्यक्रमाच्या वेळेला जा. दुपारी अकराला शांत वाटणारा भुसावळचा हॉल रात्री आठला रेल्वेच्या भोंग्यांनी भरलेला असतो. अर्धा तास गप्प बसून ऐका: लिफ्ट, फ्रीज, शेजारच्या मंदिराची आरती, वरच्या मजल्यावरचा जिम. जे बंद करता येईल त्याची यादी करा आणि कोण बंद करणार त्याचं नाव पुढे लिहा.

गाणी आणि कागद

स्वतःची गाणी असतील तर हा भाग सोपा. दुसऱ्यांची गाणी गाऊन ती विकायची असतील तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३१ क बघा. मूळ गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं, आधी नोटीस द्यावी लागते आणि दरवर्षी प्रत्येक गाण्यामागे किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते. आपल्या साठ माणसांच्या अल्बमला ते परवडत नाही. मालकाशी थेट बोलून लेखी परवानगी घेणं हा दुसरा रस्ता, नाहीतर ते गाणं हॉलमध्ये वाजवा आणि अल्बममधून गाळा.

खान्देशी बँडला एक खजिना मोकळा आहे. बहिणाबाई चौधरींचं निधन १९५१ चं, कविता त्यानंतर पुस्तकरूपाने आल्या, आणि कॉपीराइटची साठ वर्षांची मुदत कशीही मोजली तरी कधीच उलटून गेली आहे. ओव्यांचे ते शब्द घेऊन त्यावर स्वतःची चाल आणि गिटार चढवायला कुणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्या संगीतकाराने दिलेली चाल उचलली तर मात्र लागते, शब्द आणि चाल या दोन वेगळ्या मालमत्ता. लग्नातल्या पारंपरिक अहिराणी गाण्यांचंही तेच, मूळ लोकगीत सगळ्यांचं, पण यूट्यूबवर कुणीतरी केलेली त्याची आवृत्ती त्या माणसाची.

लाउडस्पीकरची परवानगी पोलीस ठाण्यातून घ्या. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर चालत नाही. बंद हॉलला सूट असली तरी बाहेर आवाज जायला नको. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, ड्रम लागला की ती हॉलच्या दारातच ओलांडली जाते. साडेसहाला सुरू करून नऊला संपवा. दारावर ‘इथे रेकॉर्डिंग चालू आहे’ अशी मोठी पाटी लावा. आणि बँडमध्ये कुणाचा किती वाटा, हे पहिल्या रात्रीच्या आधी एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. नंतर मित्र राहत नाहीत, नुसते सह्या न केलेले लोक राहतात.

वीज

हॉलच्या वायरमनला चहा पाजा आणि तीन फेज कुठे कशा वाटल्या आहेत ते विचारून घ्या. मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर, लॅपटॉप, सगळं एका फेजवर. दिवे, गीझर, फ्रीज दुसऱ्या फेजवर. डिमर लावलेला दिवा आणि गिटारचा अ‍ॅम्प एकाच फेजवर आले की रात्रभर भुणभुण. मल्टिमीटर असेल तर अर्थिंग आणि न्यूट्रलमध्ये व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर अर्थिंगमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये खोट असू शकते, ते वायरमनकडून आधी तपासून घ्या. भुणभुण जावी म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडणारे महाभाग मी पाहिले आहेत. असं कधीही करू नका, ओठ माइकला आणि हात तारेला, मध्ये तुम्ही. त्याऐवजी डीआय बॉक्सवर (वाद्य थेट मिक्सरला जोडायच्या डबीवर) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबा.

आमच्या दुसऱ्या प्रयत्नात चौथ्या गाण्याच्या मध्यावर दिवे क्षणभर मंदावले. मागच्या गल्लीत कुणीतरी पाण्याची मोटर सुरू केली होती. दिवे लगेच सावरले, पण डिजिटल मिक्सरला तेवढा झटका पुरला. तो बंद पडून पुन्हा सुरू झाला, लोक हसले, आम्ही हसलो. रेकॉर्डिंगची फाइल अर्धवट राहिली आणि उघडलीच नाही. गाणी गेली चार. तेव्हापासून मिक्सर आणि रेकॉर्डर यूपीएसवर असतात, बाकी कुणी नाही. इन्व्हर्टर वापरायचा तर प्युअर साइनवेव्हचाच, साधा चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर अ‍ॅम्पमध्ये गुणगुणतो. आणि संध्याकाळी सहाला शेजारपाजारी जाऊन मोटर कधी लावता हे विचारायचं. लोक सांगतात. चौकीदाराला सोबत घेतलं तर नक्की सांगतात.

माइक आणि मिक्सर

भाड्याने बेहरिंगरचा एक्स-३२ हा डिजिटल मिक्सर मिळाला तर काम सोपं होतं. लॅपटॉपला यूएसबी केबल जोडली की बत्तीस ट्रॅक वेगवेगळे उतरतात. साउंडक्राफ्टचा यूआय-२४ असेल तर बावीस ट्रॅक थेट पेनड्राइव्हवर. कुठलाही असो, साउंडवाल्याला एकच गोष्ट पटवायची: रेकॉर्डिंग गेनच्या नॉबनंतर (माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती घ्यायचा ते ठरवणारा) आणि इक्वलायझर, फेडर यांच्या आधी घ्यायचं. मग तो हॉलसाठी काहीही फिरवो, तुमचा ट्रॅक कोरा राहतो. गेनला मात्र साउंडचेकनंतर हात लावायचा नाही. आम्ही त्या ओळीतल्या नॉबवर कागदी टेप चिकटवतो.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर. एका ट्रॅकला तासाला साधारण ५२० एमबी लागतात, म्हणजे सोळा ट्रॅक दोन तास धरले तर १७ जीबीच्या आत. साउंडचेकमध्ये जोरातला जोर उणे १८ डेसिबलपर्यंत जाऊ द्या. लोक समोर बसले की प्रत्येक जण जास्त जोरात वाजवतो, तेवढी जागा वर लागते. २४ बिटमध्ये हळू रेकॉर्ड झालेलं नंतर वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही.

आठ माइक आणि एक डीआय एवढ्यात अल्बम होतो. किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअर, ड्रमच्या वर दोन, बेस डीआयमधून, गिटारच्या अ‍ॅम्पसमोर शुअर कंपनीचा एसएम ५७ माइक, गाण्याला एसएम ५८, आणि प्रेक्षकांसाठी दोन कंडेन्सर (बारीक आवाजही पकडणारे माइक). यातले ड्रमच्या वरचे दोन लावताना सुतळी घ्या. सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर अंगठ्याने दाबून धरा, दुसरं एका माइकच्या तोंडापर्यंत ताणा आणि तिथे गाठ मारा. आता तीच गाठ दुसऱ्या माइकपर्यंत न्या. पोचत नसेल तर माइक पुढे घ्या, ढील पडत असेल तर मागे. दोन्हीकडे गाठ बरोबर बसली की स्नेअरचा आवाज दोन्ही माइकमध्ये एकाच क्षणी पोचतो आणि पोकळ वाटत नाही. पाच मिनिटांचं काम, पण त्याच्या अभावी मी दोन रात्री डोकं फोडलं आहे.

गाणाऱ्याला ड्रमच्या बरोबर पुढे उभं करू नका. स्टेज छोटा असला की सगळे हेच करतात, आणि मग गळ्याच्या माइकमध्ये गळ्यापेक्षा सिंबल जास्त येतं, विशेषतः तो श्वास घेतो तेव्हा. त्याला दोन हात बाजूला घ्या, माइकची पाठ ड्रमकडे करा. गिटारचा अ‍ॅम्प प्रेक्षकांकडे तोंड करून नको, आडवा ठेवा, स्टेजच्या पलीकडच्या बाजूला बघत. आवाज कमी ठेवायला गिटारवाला तयार होणार नाही. मी स्वतः गिटारवाला आहे, मलाही तीन जणांनी मिळून सांगावं लागलं.

प्रेक्षकांचे माइक स्टेजच्या कडेला, स्पीकरच्या रेषेच्या थोडे मागे, तोंड लोकांकडे. असं ठेवलं की स्पीकर कमी आणि माणसं जास्त येतात. हॉलच्या मागे लावले तर टाळ्या छान येतात, पण संगीत उशिरा पोचतं: आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, दहा मीटरला जवळपास ३० मिलिसेकंद. मिक्सिंग करताना तेवढा ट्रॅक पुढे ओढून घ्यायचा.

सगळं जागेवर बसलं की स्टँडच्या पायांभोवती टेप लावा, फोटो काढा, अंतरं वहीत लिहा. पुढच्या गावी तेच मांडायचं. तरच धुळ्याचा शेवट जळगावच्या गाण्याला जोडता येतो.

त्या रात्री

रेकॉर्डिंग कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी सुरू करा आणि शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत बंद करू नका. रिकाम्या हॉलचा एक मिनिटही वेगळा रेकॉर्ड करून ठेवा, दोन गाणी जोडताना मध्ये भरायला लागतो. लॅपटॉपची झोप, अपडेट, वायफाय बंद. रेकॉर्डिंगकडे बघायला एक माणूस वेगळा, त्याला दुसरं काम द्यायचं नाही, फोटो काढायचंसुद्धा नाही.

लोकांना ‘टाळ्या वाजवा’ म्हणू नका. सांगून वाजवलेल्या टाळ्या ट्रॅकवर लगेच ओळखू येतात, सगळ्या एकदम सुरू होतात आणि एकदम थांबतात. त्याऐवजी ओळखीचे साठ जण बोलवा आणि नंतर जेवण ठेवा. थंडीत भरीत-पुरी म्हटलं की खान्देशात माणूस येतोच. मात्र जेवण नंतरच. व्हॅनगार्डमध्ये ग्लास किणकिणले ते गोड वाटतं, आपल्याकडे स्टीलच्या ताटांचा खणखणाट होतो. आम्ही आता पत्रावळीच मागवतो.

चूक झाली तर थांबू नका. अगदीच कोसळलं तर गाणं संपवा, हसा आणि शेवटी पुन्हा वाजवा.

घरी आल्यावर

पहिल्यांदा दोन ठिकाणी कॉपी करा, मगच झोपा. लीड्सच्या दुसऱ्या दिवशी द हूने हल शहरातही रेकॉर्डिंग केलं होतं, पण त्या टेपवर सुरुवातीच्या गाण्यांत बेसच उतरला नव्हता. लीड्सची टेप हाताशी होती म्हणून अल्बम निघाला. तिच्यात थोडी खरखर होती, तर त्यांनी रेकॉर्डच्या लेबलवरच लिहून टाकलं की खरखर ठीक आहे, दुरुस्त करू नका.

मिक्सिंगची सुरुवात प्रेक्षकांच्या दोन आणि ड्रमच्या वरच्या दोन माइकपासून करा. एवढ्यावरच खोली ऐकू यायला हवी. मग एकेक जवळचा माइक हळूहळू वर आणा, गरजेपुरता. आम्ही याच्या उलट करायचो आणि शेवटी प्रेक्षकांचे माइक मीठ घातल्यासारखे घालायचो, त्याने अल्बम स्टुडिओतला वाटायचा आणि टाळ्या चिकटवलेल्या. गळ्यावर ऑटोट्यून नको, सिंबल पण सोबत वाकतं. दोन गाण्यांमधली दहा-पंधरा सेकंदं ठेवा, जोड टाळ्यांच्या ऐन भरात द्या, तिथे तो लपतो. स्पॉटिफायसारखे प्लॅटफॉर्म आवाज उणे १४ लफ्सच्या (आवाजाचा जोर मोजायचं माप) आसपास आणून वाजवतात, त्यामुळे सगळं दाबून जोरात करण्यात अर्थ नाही. ट्रॅक कापताना दोन फाइल्समध्ये क्षणाचीही फट नको, नाहीतर टाळ्या मध्येच तुटतात.

भुसावळच्या रात्री तिसरं गाणं संपता संपता रेल्वेचा भोंगा वाजला, आमच्या शेवटच्या सुरापेक्षा किंचित खाली. बेसवाल्याने तार ओढून तो सूर गाठला. हॉलमधून कुणीतरी ओरडलं, ‘एक नंबर, भो!’ ते तसंच ठेवलं आहे.

पूर्ण झालेला अल्बम आम्ही पहिल्यांदा जळगावच्या हॉलमध्येच नेऊन वाजवला, चौकीदाराला बसवून. त्याने दोन गाणी ऐकली, मग विचारलं, ‘मोटर बंद कराले लावली होती, ती हीच रात का भो?’